आर्डिसचं कार्ड

हेग्डाल, मिनेसोटा
११ ऑक्टोबर १९९३

चि. बेव हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि निवडुंगाशेजारी उभं राहून काढलेला फोटो पोचला. ड्वेनने तो फ्रिजवर चिकटवलाय आणि आल्यागेल्याला सांगतो की मेहुणीने स्वभावाला साजेसं गाव शोधलं. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. बीटाची काढणी ऐन भरात आहे, दिवसाचे चौदा तास ट्रक चालवतोय, त्यामुळे घरात असतो तेवढा वेळ फक्त टोमणे मारतो.

फोन का करत नाहीस म्हणून रागावलीस. अगं, साखर कारखान्याच्या यंत्रांनी माझे कान कधीच खाल्ले. तू तिकडून बोलतेस, मी इकडे नुसतं हो हो करते आणि फोन ठेवल्यावर ड्वेनला विचारते, काय म्हणाली गं ती, म्हणजे काय म्हणाली रे. पत्रच बरं.

आता आईचं. वृद्धाश्रमात येऊन तिला पाच महिने झाले. सकाळी बरी असते, मला ओळखते, माझ्या केसांना नावं ठेवते. दुपारचे चार वाजले की मात्र तिचं काहीतरी बिनसतं. आर्डिसला आणायला कोण गेलंय, असं विचारायला लागते. एकदा नाही, शंभरदा. अंधार पडायच्या आत आणा म्हणते, तिच्या अंगावर कोट नाही म्हणते, आणि मग रडते. बेव, आपल्या आईला रडताना तू कधी पाहिलंयस? मी बाबांच्या दफनाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. आता रोज पाहते आणि तिच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार तर एक वर्ष. हे वर्ष तिने असं काढू नये एवढंच मला वाटतं. आर्डिस कोण, तुला काही माहीत आहे का?

पत्र लगेच टाक. प्रकृतीला जप, उन्हात टोपी घाल.
तुझी,
मार्लिस


टुसान, ॲरिझोना
१९ ऑक्टोबर १९९३

ती. मार्लिसताईस,
बेवचा सा. न. वि. वि.

ड्वेनभावोजींना सांगणे की निवडुंगाला वर्षातून एकदा तरी फूल येतं, त्यांना कधी आलेलं मी पाहिलं नाही.

आर्डिस म्हणजे एखादी गाय असेल असं मला आधी वाटलं. हसू नकोस. आई गाईंना नातेवाइकांची नावं द्यायची, आणि काकू जेवायला आल्या की बाबा मुद्दाम विचारायचे, आज एडनाने दूध कमी दिलं का गं. पण गाईच्या अंगावर कोट नसतो. मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग दवाखान्यात पेशंटच्या दातांचे एक्स-रे उलटे लावून ठेवले.

मला नाव आठवत नाही. पण तू इतकी लांब शोधतेस कशाला? आई वीस वर्षं दर मंगळवारी जिथे बसून गावच्या पेपरातल्या नोंदींची कार्डं लिहायची त्या वाचनालयात जा. हेग्डालमध्ये जन्मलेला, लग्न झालेला किंवा मेलेला एकही माणूस तिच्या कार्डांतून सुटलेला नाही. जेवणाच्या टेबलावर आपल्याला ऐकवायची ते विसरलीस? आर्डिस या गावची असेल तर तिथल्या एखाद्या खणात सापडेल.

मी तिथे नाही याची लाज वाटते. तिकिटाचं बघते म्हणते आणि बघत नाही. तू आहेस म्हणून मला असं वागणं परवडतं, हे मला कळतं.

आईला माझा पापा. तुझा राग सोडून बाकी सगळं पाठव.
तुझीच,
बेव


हेग्डाल
५ नोव्हेंबर १९९३

चि. बेव हिस,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयात गेले होते. तळघरातली ती खोली अजून तशीच आहे, ओकच्या लाकडाचे खण आणि ओल्या कोटांचा वास. श्रीमती क्वाम आता तिथल्या प्रमुख आहेत. आईच्या मंगळवारच्या मंडळात त्या सगळ्यांत लहान होत्या, त्यामुळे आईचं नाव काढलं की अजून पाठ ताठ करून बसतात. त्या म्हणाल्या, सिग्नाबाईंनी चूक काढून इतरांची कार्डं परत केली नाहीत असा मंगळवार त्यांना आठवत नाही. नियम माहीत आहे ना तुला, कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात वर्तमानपत्राची तारीख, पान आणि रकाना. ते नसेल तर कार्ड खणात जायचं नाही, मग खुद्द पाद्रीबाबांच्या बायकोने का लिहिलेलं असेना.

आर्डिस नावाने काही निघालं नाही. मी उठायला लागले तर श्रीमती क्वाम म्हणाल्या, अहो, आपल्या पेपरात तेव्हा बाळाचं नाव कुठे छापायचे, बापाच्या नावाने बघा. मग आम्ही आर्ने नेस्टगार्डचा गठ्ठा काढला. श्री. व सौ. आर्ने नेस्टगार्ड यांस कन्यारत्न, १९४७, ती तू. १९४३, ती मी. आणि त्याच्या मागे आणखी एक, एप्रिल १९३७, कन्यारत्न.

मी खुर्चीत बसले. पन्नास वर्षं मी या घरातली थोरली म्हणून मिरवले. सगळ्यांवर हुकूम गाजवले.

श्रीमती क्वाम मृत्यूच्या खणाकडे गेल्या. तिथे अगदी मागे, काळ्या कडेचं कार्ड होतं. आर्डिस मरी नेस्टगार्ड, १९४१. आईचंच अक्षर. पण पेन्सिलीने लिहिलेलं, आणि उजवा कोपरा कोरा. तारीख नाही, पान नाही, काही नाही. श्रीमती क्वामनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, हे सिग्नाबाईंचं असूच शकत नाही. पण अक्षर तर त्यांचंच आहे.

म्हणजे आपल्याला एक बहीण होती आणि ती चार वर्षांची असताना गेली. मी तरी असंच समजते. बातमी छापायला दिली नसेल, दुःखात कुणाला सुचतं. मी गाडीत बसून रडले, आणि रडताना मला तिचा चेहरासुद्धा आणता येईना.

आता आईला काय सांगू? कळव.
तुझी,
मार्लिस


टुसान
१३ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी मधल्या सुट्टीत दवाखान्याच्या मागे जाऊन बसले. आपल्या घरात भिंतीवर किती फोटो होते, गाईचेसुद्धा होते. तिचा एकही नव्हता. आईने ते सगळे कुठे ठेवले असतील?

मला वाटतं, तू आईला सरळ सांगून टाक. ती शोधतेय कारण ती विसरलीय. आर्डिस देवाघरी गेली, आता थंडीवाऱ्याची काळजी नाही, असं नीट हात धरून सांग. एकदा रडेल, पण मग सुटेल. रोज थोडं थोडं रडण्यापेक्षा ते बरं. मी इतक्या लांबून शहाणपणा शिकवतेय हे मला दिसतंय, पण दुसरं काही सुचत नाही.

थँक्सगिव्हिंगला बटाट्याच्या पोळ्या, आपल्या लेफ्से, लाटशील तेव्हा माझ्या नावाची एक करपव. माझी नेहमी करपते, निदान तेवढी तरी मी तिथे असेन.
तुझी,
बेव


हेग्डाल
३० नोव्हेंबर १९९३

चि. बेव हिस,
आशीर्वाद.

सांगितलं. सांगायला नको होतं.

रविवारी चर्चनंतर गेले. तिचे दोन्ही हात धरले आणि तू लिहिलं होतंस तसंच म्हटलं, की आई, आर्डिस एक्केचाळीस साली गेली, ती आता सुखात आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सात वर्षांची आहे आणि पाहुण्यांसमोर काहीतरी भलतं बोलले. आवाज खाली आणून म्हणाली, अगं ते लोकांना सांगायचं. आपण आपसांत कशाला तसं म्हणतेस?

मग ती सांगत गेली, तुकड्यातुकड्यांत. पोरीला फिट यायच्या. चर्चमध्ये आली, दुकानात आली, शेजारच्या बायका आपल्या पोरांना बाजूला ओढायला लागल्या. बाबांनी आणि तेव्हाच्या पाद्रीबाबांनी मिळून तिला लिंडाल होममध्ये, अशा मुलांच्या आश्रमात, ठेवायचं ठरवलं. गावात सांगितलं की तिकडे इस्पितळात नेलं आणि तिथेच गेली, दफनही तिकडेच झालं. बायका कॉफीकेक घेऊन सांत्वनाला आल्या. आई म्हणाली, अकरा केक आले गं, आणि मी प्रत्येकीला भांडं धुऊन परत केलं.

आता मला ते कार्ड कळलं, बेव. मंडळातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं की सिग्नाची पोर गेली. नेस्टगार्डचा गठ्ठा करताना ते कार्ड नसतं तर कुणीतरी विचारलं असतं. म्हणून तिने लिहिलं. पण कोपऱ्यात काय लिहिणार? गावाशी इतकी वर्षं खोटं बोललेल्या बाईला खोटं पान लिहिता आलं नाही.

आर्डिस मेलेली नसेल तर ती आज छप्पन्न वर्षांची आहे. कुठेतरी असेल. आणि आई रोज चार वाजता बरोबरच विचारते.
मार्लिस


टुसान
९ डिसेंबर १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांग म्हणणारी मीच. मला माफ कर.

आता मी माझ्या परीने हातपाय हलवले. लिंडाल होम १९७९ साली बंद पडलं, ते एका लहानशा धर्मसंस्थेचं होतं. त्यांच्या मुख्य कचेरीला मी सहा फोन केले. तिथल्या बाई फार गोड बोलतात. कागद आहेत म्हणाल्या, पण ते फक्त पालकालाच मिळतात. मी म्हटलं, आमची आई पालकच आहे. त्या म्हणाल्या, नाही, १९४१ साली दोघांनी सही करून पालकत्व संस्थेकडे दिलं आहे. मग पालक संस्था? हो. आणि संस्था बंद? हो. मग आता कागद कुणाला मिळणार? बाई इतक्या गोडपणे म्हणाल्या की कुणालाच नाही, की मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. नंतर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

तिने सही केली, ताई. आपली आई, जी दूधवाल्याच्या पावतीवर सही करण्याआधी चष्मा पुसायची.

नाताळला मी येत नाही, रजा नाही. खरं सांगू? रजा आहे, धीर नाही.
तुझी,
बेव


हेग्डाल
२२ जानेवारी १९९४

चि. बेव हिस,
अनेक आशीर्वाद.

थंडी उणे तीसवर गेली आहे. ड्वेनची गाडी सुरू होत नाही आणि त्याचं तोंड बंद होत नाही.

मी वकिलाकडे गेले, त्याने खांदे उडवले. कौंटीच्या कचेरीत गेले, त्यांनी एक अर्ज दिला, तो भरून दिला तर दुसरा दिला. नव्या पाद्रीबाबांकडे गेले. ते तरुण आहेत, माझ्याबरोबर प्रार्थना केली, त्याने मला बरं वाटलं पण आर्डिस काही सापडली नाही. चर्चच्या नोंदवहीत तिचा बाप्तिस्मा आहे. दफनाच्या वहीत ती नाही.

हातात काही घेऊन आल्या त्या एकट्या श्रीमती क्वाम. त्यांनी दुसऱ्या वाचनालयातून लिंडाल होमचे जुने वार्षिक अहवाल मागवले. १९५८ च्या अहवालात मागावर सतरंज्या विणणाऱ्या मुलींचा फोटो आहे आणि खाली आर्डिस एन. असं लिहिलंय. चेहरा पुसट आहे. पण बेव, ती एक हात कमरेवर ठेवून उभी आहे, तू निवडुंगाशेजारी उभी आहेस तशी.

श्रीमती क्वामनी आता लिंडालच्या आसपासच्या चौदा वाचनालयांना पत्रं लिहिली आहेत. म्हणाल्या, सरकारं आणि चर्चं उत्तर देत नाहीत, ग्रंथपाल देतात. मी त्यांना लेफ्से नेऊन दिल्या. दुसरं काय देणार?

आई खंगत चालली आहे. चार वाजता मी आता तिच्यासमोर बसणं टाळते, तीनला निघते. हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

तब्येत सांभाळ आणि मला वाईट समजू नकोस.
तुझी,
मार्लिस


रोसेथ, मिनेसोटा
२४ फेब्रुवारी १९९४

श्रीमती मार्लिस यांस,
स. न. वि. वि.

नात्याने मी थोरली लागते, पण आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नमस्कारच लिहिते.

तुमच्या श्रीमती क्वाम यांचं पत्र इथल्या वाचनालयात आलं. इथल्या बाईंनी त्यांना माझा पत्ता दिला नाही, कारण वाचकाची माहिती बाहेर द्यायची नाही असा त्यांचा नियम आहे. मी गुरुवारी गेले तेव्हा त्यांनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या आयुष्यात मला असं फार कमी जणांनी म्हटलंय, म्हणून ठरवायला तीन गुरुवार लागले.

मी बरी आहे. फिट १९६२ पासून येत नाहीत, नवीन गोळी निघाली. त्यानंतर मला तिथे कशाला ठेवलं हे विचारायला मला कुणी सापडलं नाही. होम बंद झाल्यावर इथे खोली मिळाली. मोटेलच्या धुलाईघरात काम करते.

दर गुरुवारी वाचनालयात मी हेग्डालचा पेपर वाचायला जाते. तुमच्या नवऱ्याला बीटाचं बक्षीस मिळालं ते मला माहीत आहे. बेव्हर्ली ॲरिझोनाला गेली ते माहीत आहे. आईच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला त्याची जाहिरात मी वाचली. पहिल्यांदा मृत्यूचं पान वाचते, तिथे आई नसली की मग बाकीचं.

मी का आले नाही असं तुम्ही विचाराल. तुमच्या गावात मी मेलेली आहे हे मला ठाऊक होतं. मेलेल्या बाईने कॉफीच्या वेळी दार वाजवलं तर यजमानांची पंचाईत होते.

आई एकदा आली होती, १९४६ मध्ये. तुम्ही बरोबर होता. तुम्हाला आठवत नसेल, तीन वर्षांच्या होता. आईने मला एक संत्रं आणलं होतं, ते तुम्ही मागून मागून सगळं खाल्लंत. त्या रात्री मला लागोपाठ फिट आल्या आणि होमच्या प्रमुख मेट्रनबाईंनी आईला कळवलं की भेटीने मुलीला त्रास होतो, पुन्हा येऊ नये. संत्र्याचा मला राग नाही. तेव्हा होता.

यावं की न यावं मला समजत नाही. तुम्ही सांगा.
आपली,
आर्डिस नेस्टगार्ड


टुसान
५ मार्च १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली तिच्या पत्राची प्रत वाचली. तुला आठवत नाही म्हणून तू स्वतःला बोल लावत असशील, तर लावू नकोस. तीन वर्षांच्या पोरीला संत्रं दिसतं, बहीण दिसत नाही.

तिला लिही की ये. आणि तिला तुम्ही म्हणू नकोस, कुणी तिला कधी अगं म्हटलं नसेल. आई तिला बघेल आणि हे रोजचं संपेल. मला मनापासून वाटतंय, ताई, या वेळी तरी माझं चुकणार नाही.
तुझी,
बेव


हेग्डाल
१२ एप्रिल १९९४

चि. बेव हिस,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही आर्डिसला आणायला गेलो. तिला गाडी चालवायचा परवाना कधी मिळाला नाही. नव्वद मैल ड्वेन एक शब्द बोलला नाही, म्हणजे बघ. ती आमची वाट बघत रस्त्यावर उभी होती. उंच, करडे केस मागे बांधलेले, राखाडी रंगाचा साधा पोशाख, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आयुष्यातली पहिली स्वतःची किल्ली तिला बेचाळिसाव्या वर्षी मिळाली, तेव्हापासून ती सगळ्या किल्ल्या अंगावर बाळगते. मला बघून म्हणाली, तू दिसतेस बाबांसारखी. मी तिला मिठी मारली. ती ताठ उभी राहिली, मग हळूहळू तिने माझ्या पाठीवर थोपटलं, टॉवेल घडी करताना थोपटतात तसं.

साडेतीनला पोचलो. मी ठरवलं होतं की चार वाजता तिथेच असायचं. आई खिडकीपाशी होती. मी म्हटलं, आई, बघ कोण आलंय. आईने वर पाहिलं. तिचं लक्ष आधी किल्ल्यांवर गेलं, मग त्या राखाडी कपड्यांवर. आणि बेव, ती घाबरली. खुर्चीतून उठायला धडपडायला लागली. आर्डिसचा हात दोन्ही हातांनी धरून म्हणाली, मेट्रनबाई, मी भेटीच्या दिवशी नाही आले, माफ करा. सही माझीच आहे, चूक माझी आहे, पण तिला आज घरी न्यायची परवानगी द्या. मी कोटाची शिवण उसवून लांब केलाय, बसेल तिला. ती त्रास देणार नाही, मी तिला लोकांत नेणार नाही.

मी मध्ये बोलणार होते की आई, हीच आर्डिस. आर्डिसने मला मान हलवून नको म्हटलं. ती सरळ उभी राहिली, गळा साफ केला, आणि मी तिच्या तोंडून आतापर्यंत ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, ठीक आहे, मिसेस नेस्टगार्ड. कागद पूर्ण झालेत. मुलीला घरी न्या.

आईने तिचे हात चेपले. इतकी हलकी झालेली आई मी कधी पाहिली नाही. नर्सला हाक मारून तिने स्वतःचा कोट मागितला, घातला, बटणं लावली, आणि दाराकडे तोंड करून बसली. पोरीला आता आणतील म्हणून. आर्डिस तिच्याशेजारी उभी होती. पाच वाजले, सहा वाजले. आई तिला मधूनमधून म्हणायची, बसा ना तुम्ही, तुम्हाला कामं असतील. मग आम्ही निघालो.

गाडीत आर्डिस म्हणाली, मेट्रनबाईंचा तो आवाज मी अडतीस वर्षं ऐकला, मला येतो हे माहीत नव्हतं.

आता आई चार वाजता रडत नाही. सकाळपासून कोट घालून बसते. जेवायला उठत नाही, कारण तेवढ्यात आणलं तर. रडणं बरं होतं की हे बरं आहे, मला कळत नाही. सहा महिने खपून आपण सगळ्यांनी मिळून तिला आर्डिस आणून दिली, आणि ती अजून तिचीच वाट बघतेय. मी काय करू ते सांगू नकोस, बेव. या वेळी फक्त ये.
तुझी,
मार्लिस


रोसेथ
९ जून १९९४

चि. बेव हिस,
अनेक आशीर्वाद. (मार्लिसने बजावलं की असंच लिहायचं.)

मे महिन्यात तू येऊन गेलीस, खूप बोललीस, मी कमी बोलले. मला सवय नाही, तुझ्यावर रुसलेली नव्हते. तू दिलेली उन्हाची टोपी इथे कुणी घालत नाही, पण मी घालते.

मी दर रविवारी हेग्डालला जाते. ड्वेन न्यायला येतो आणि वाटेत मला बीटाविषयी सगळं सांगतो. श्रीमती क्वामनी विचारलं होतं, त्या कार्डाचं काय करायचं, फाडून टाकू का. मी त्यांना म्हटलं, राहू दे. आईचं अक्षर आहे.

आईच्या पायांत आता जोर उरलेला नाही हे तू पाहिलंस. पण मी दारातून आत आले की ती खुर्चीचे हात धरून उठून उभी राहते. नर्सने सांगितलं, मार्लिसने सांगितलं, ऐकत नाही. मेट्रनबाईंसमोर बसायचं नसतं म्हणते. थरथरते, पण उभी राहते. मला विचारते, मुलीची तयारी झाली का. मी सांगते, केस विंचरताहेत, थोडा वेळ लागेल. मग ती मला आर्डिसविषयी सांगते. तिला दुधावरची साय आवडते, अंधाराची भीती वाटते, गाणं म्हटलं की झोपते. मी होममध्ये पाच वर्षांची असताना रात्री कॉटवर बसून जे आठवायचा प्रयत्न करायचे, ते ती मला सगळं सांगते. एका मेट्रनबाईला सांगावं तसं, काळजी घ्या म्हणून.

तिला आई म्हणून हाक मारावीशी वाटते. पण मारली तर ती घाबरेल, आणि मग उभीच राहील. म्हणून मी म्हणते, बसा, मिसेस नेस्टगार्ड. तेव्हा बसते.

पत्राचा शेवट कसा करतात ते मला अजून नीट येत नाही. लोभ असू दे असं लिहायचं असतं ना? तर असू दे.
आर्डिस